कुत्र्या-मांजराची प्रथमोपचार पेटी: औषधं सगळ्यात शेवटी

सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाचं कुत्रं लंगडायला लागलं की मला हाक येते. मी डॉक्टर नाही. घरात कुत्रं आहे आणि बोलावलं की जातो, एवढंच. त्यामुळे आठ-दहा घरांतल्या पेट्या आतापर्यंत उघडून पाहिल्या, आणि सगळीकडे एकच चूक दिसली. गोळ्या भरपूर, कात्री नाही.

माझीही पेटी तशीच होती. काळूचा पंजा गच्चीवर फुटक्या बाटलीने कापला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि लाईट गेलेली. मोबाईलची बॅटरी दातात धरून एका हाताने पंजा दाबला, दुसऱ्या हाताने पेटी उघडली. आत तीन प्रकारच्या गोळ्या, दोन मलमं आणि माणसांच्या बोटाला लावायच्या पट्ट्या. केसाळ पंजावर ती पट्टी क्षणभरही टिकली नाही. चिकटपट्टी तोडायला कात्री नव्हती म्हणून मोबाईल खाली ठेवला आणि ती दातांनी तोडली. अंधारात.

घोळ होतो तो क्रमात. लोक आधी मेडिकलवर जातात, मग डबा शोधतात, आणि डॉक्टरांचा नंबर वेळ आल्यावर शोधतात. हे नेमकं उलटं करायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका.

टप्पा १: आधी एक कागद

पेटीतली पहिली वस्तू कागद. अर्धं पान पुरतं. त्यावर लिहा:

जनावराचं नाव, वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का. रेबीजची लस शेवटची कधी दिली ती तारीख. चालू औषधं, आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती. आणि वजन. डॉक्टर फोनवर पहिला प्रश्न वजनाचा विचारतात, कारण प्रत्येक डोस किलोवर ठरतो. "असेल बारा-पंधरा किलो" या उत्तरावर कुठलाही शहाणा डॉक्टर औषध सांगणार नाही.

वजन करायची सोपी रीत: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. लॅब्रेडॉर उचलवत नसेल तर भुसार दुकानाचा किंवा भंगारवाल्याचा मोठा काटा असतोच. आमच्या काळूला भंगारवाल्या अण्णांनी काट्यावर बसवलं आणि वर विचारलं, "काय भाव लावू?" वाढत्या पिल्लाचं वजन दर महिन्याला करा, मोठ्याचं सहा महिन्यांनी.

कागदाला प्लॅस्टिकचं पाकीट घाला आणि झाकणाला आतून चिकटवा. एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा. अडचण नेमकी तुम्ही ऑफिसात असताना येते आणि घरी आई किंवा सासूबाई एकट्या असतात.

टप्पा २: डॉक्टर, रिक्षा, रात्र

कागदाच्या मागच्या बाजूला नंबर. पण नुसते लिहून भागत नाही, आज फोन करून विचारा. नेहमीच्या डॉक्टरांना दोनच प्रश्न: "रात्री फोन उचलता का?" आणि "तुम्ही गावाला गेलात तर कुणाकडे जायचं?" दुसऱ्या प्रश्नाला मिळालेलं नाव हाच तुमचा दुसरा नंबर. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाच्या वेळा स्वतः जाऊन पाहून या. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, तोही लिहा. पण ही सेवा मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी उभी केलेली आहे, त्यामुळे घरच्या मांजरासाठी सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका.

मग रिक्षा. जुळे सोलापुरातून रात्री अकराला रक्ताने माखलेलं कुत्रं घेऊन निघालात की पहिले तीन रिक्षावाले मान हलवून पुढे जातील. त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही, सीट त्यांनाच धुवायची असते. ओळखीच्या एका रिक्षावाल्या मामांना आधीच विचारून ठेवा, सीटवर अंथरायला चादर आमची असेल हेही सांगा. ते हो म्हणाले की त्यांचा नंबर डॉक्टरांच्या नंबराखाली.

*तपासा:* कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि "वाचून फोन लाव" म्हणा. अक्षर लागत नसेल तर पुन्हा लिहा.

टप्पा ३: निरोगी असताना मोजून ठेवा

आजारी जनावराचा ताप मोजून उपयोग कधी होतो? बरं असतानाचा आकडा माहीत असेल तर. जनावर शांत पडलेलं असताना एकदा हे मोजा आणि कागदावर टाका.

ताप: कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. म्हणजे ज्या आकड्याला आपण ताप म्हणून अंथरूण धरतो, तो कुत्र्याचा रोजचा. हात लावून "गरम लागतंय" म्हणणारे इथेच फसतात, आणि नाक कोरडं म्हणजे ताप हेही खरं नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली गुदद्वारात साधारण एक इंच सरकवायचा, बीप वाजेपर्यंत धरायचा. थर्मामीटर जनावराचा वेगळा ठेवा आणि त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळा. का, ते सांगायला नको.

श्वास: झोपलेलं असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. निवांत कुत्रं किंवा मांजर मिनिटाला तीसच्या आत श्वास घेतं.

हिरड्या: वरचा ओठ उचला. रंग गुलाबी हवा. बोटाने दाबून सोडा, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काहींच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, तेव्हा खालच्या पापणीच्या आतला रंग पाहा. पुढे कधी हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा विटेसारख्या लाल दिसल्या तर पेटी राहू द्या, चपला घाला.

टप्पा ४: खरेदी

खरेदी दोन फेऱ्यांत करा. पहिली फेरी घरातच. दुसरी मेडिकलवर, यादी हातात घेऊन. तोंडी सांगायला गेलात की काउंटरवरचा मुलगा विचारणार, "काय झालंय कुत्र्याला?" आणि तुम्ही दोन पानं गोळ्या घेऊन परत येणार.

*घरातून:* जुने टॉवेल तीन-चार. सोलापुरात राहून टॉवेल विकत आणायची वेळ येऊ नये, टेरी टॉवेलचे सेकंड (किरकोळ दोषाचा माल) घरोघरी असतात. रक्त टिपायला, मांजर गुंडाळायला, मानेखाली द्यायला, सगळ्याला टॉवेलच. दुसरी वस्तू आपली चादर, जाड विणीची सोलापुरी. हेच तुमचं स्ट्रेचर. गाडीने उडवलेल्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका. चादर पाठीशी अंथरा, दोघांनी खांदा आणि कमरेला धरून एका दमात त्यावर सरकवा आणि चार कोपरे ताणून उचला. पाठीच्या कण्याला मार असल्याची शंका असेल तर चादरीखाली प्लायवूड किंवा जुन्या टेबलाची फळी. बेडशीट नको, ती मधोमध झोळी होते. फाटते ती वेगळीच.

याशिवाय बॅटरी (मोबाईलची धरू नका, मोबाईल फोन लावायला लागतो), जादा पट्टा आणि सुती ओढणी.

*मेडिकलमधून:*

निर्जंतुक गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड), सुटी पाकिटं, किमान दहा. कापसाचा रोल एक. रोलर बँडेज दोन रुंदीची, लहान आणि मध्यम. क्रेप बँडेज एक. कागदी चिकटपट्टी एक. बोथट टोकाची कात्री. सपाट टोकाचा चिमटा. हातमोजे. सुई नसलेल्या सिरिंज: ५ मिलीच्या दोन, २० मिलीची एक.

सलाईन: १०० मिलीच्या दोन बाटल्या. जखम धुवायला आणि डोळ्यातला कचरा काढायला. चूक इथे हमखास होते. नुसतं "सलाईन द्या" म्हटलं की हाती येईल ती बाटली मिळते, कधी साखरेची. लेबलवर सोडियम क्लोराईड ०.९ टक्के एवढंच हवं. डेक्स्ट्रोज शब्द दिसला की परत द्या. बाटली एकदा उघडली की त्याच दिवशी संपवा नाहीतर फेका, झाकण लावून पुढच्या महिन्यासाठी ठेवायची नसते.

पोव्हिडोन आयोडीन: मलम नको, स्क्रब तर नकोच, कारण त्यात साबण असतो. बाटलीवर सोल्यूशन लिहिलेलं हवं. तेही थेट ओतायचं नाही. बिनदुधाच्या फिक्या चहाचा रंग येईल इतकं पाण्यात पातळ करायचं. दाट लावलं म्हणजे जंतू जास्त मरतात असं नाही, जखमेच्या कडा मात्र जळतात.

कॉर्नफ्लोअरची लहान पुडी. नख जास्त कापलं गेलं आणि रक्त थांबेना तर नखाच्या टोकावर दाबून धरायला. फक्त नखाला, जखमेत कधीच नाही.

गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर, चाटू नये म्हणून घालतात ती, घरच्या जनावराच्या मापाची. घातल्यावर कड नाकाच्या पुढे थोडी यायला हवी. आखूड असेल तर कुत्रं मान वाकवून टाका उसवून मोकळं होतं.

बँडेजचा क्रम. सामान बरोबर आणि क्रम चुकला असं फार पाहिलंय. आधी सलाईनने धुणं. रक्त वाहत असेल तर धुणंही नंतर, आधी गॉज ठेवून दाब. घड्याळ लावून पाच मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि पुन्हा एकपासून मोजा. गॉज भिजलं तर तेच राहू द्या, वर दुसरं ठेवा. मग कापसाचा थर, मग रोलर बँडेज, शेवटी क्रेप. कापूस थेट जखमेवर लावला की त्याचे धागे चिकटतात आणि डॉक्टरांना अर्धा तास ते वेचत बसावं लागतं. पायाला बँडेज पंजाकडून वरच्या दिशेने गुंडाळा आणि मधली दोन बोटं बाहेर दिसू द्या.

*तपासा:* बँडेजखाली तुमची दोन बोटं सरकतात का? तासाभराने उघडी ठेवलेली बोटं पाहा. सुजली, गार पडली किंवा एकमेकांपासून फाकली असतील तर बँडेज घट्ट आहे, सोडा.

टप्पा ५: पेटीतून बाहेर काढायच्या वस्तू

या टप्प्याला लोक नाराज होतात. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत जखमेपेक्षा उपचाराने जास्त नुकसान झालं होतं.

पॅरासिटामॉल. तापावर आपण बिनधास्त घेतो ती गोळी मांजराला मारते. अर्धी दिली तरी. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्तातला प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात. कुत्र्यालाही स्वतःच्या मनाने द्यायची नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंड निकामी करतात. "अर्धीच दिली, लहान मुलांची होती" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

फिनाईल आणि डेटॉल मांजरापासून लांब. मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. गाई-म्हशींच्या गोचिडांवर लावायचं औषध उरलं म्हणून घरच्या कुत्र्याला चोपडतात आणि त्याच खाटेवर मांजर झोपतं. ज्या औषधावर परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ लिहिलंय ते मांजराच्या अंगाला लागता कामा नये. थरथर, झटके, आणि मग पळापळ.

हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट: जखमेत काहीही भरू नका. हळदीला मी आईसमोर नाव ठेवत नाही, पण खोल जखमेत ती मातीसारखी बसते आणि धुऊन काढताना जनावर ओरडतं. भाजल्यावर टूथपेस्टऐवजी दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी.

स्टेरॉइड असलेले डोळ्याचे थेंब, मागच्या वेळचे उरलेले. डोळ्याला ओरखडा असेल तर ते जखम चिघळवतात. डोळा फक्त सलाईनने धुवा, कॉलर घाला, डॉक्टर. पग किंवा शित्झूचा डोळा मारामारीत खोबणीबाहेर आला तर आत ढकलायचा नाही. सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज वर ठेवून ओला ठेवायचा आणि निघायचं.

हायड्रोजन पेरॉक्साइड. उलटी करवायला ठेवा असं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ते ३ टक्क्यांचं, फक्त कुत्र्यासाठी, आणि डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला तरच. आपल्याकडे मेडिकलमध्ये सर्रास ६ टक्क्यांचं मिळतं. मांजराला तर कुठल्याच टक्क्यांचं नाही. माझं मत विचाराल तर घरात ठेवूच नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं त्याहून वाईट, विषबाधेवर मिठाची विषबाधा.

*सावधान:* गोचीड काढायला रॉकेल, काडी, उदबत्ती काही नको. चिमट्याने कातडीलगत पकडा आणि सरळ ओढा, पिळू नका.

आता उरलं काय? डॉक्टरांनी तुमच्या जनावराच्या वजनावर लिहून दिलेलीच औषधं. ॲलर्जीची गोळी त्यांनी दिली असेल तर पानावर पेनाने लिहा: काळू, १४ किलो, अमुक इतकी. सर्दीची मिश्र गोळी "त्यातही तेच असतं" म्हणून ठेवू नका, त्यात पॅरासिटामॉलही असतं.

टप्पा ६: तुमचे हात

दुखऱ्या कुत्र्याला मालक कळत नाही. तुम्ही वाढवलेलं असलं तरी चावेल. म्हणून रोलर बँडेजचा सव्वा मीटरचा तुकडा वेगळा गुंडाळून ठेवा, तो तोंड बांधायचा. मधोमध सैल फास करा, लांबूनच नाकाच्या वरून घाला, ओढा, टोकं जबड्याखाली एकदा फिरवा आणि कानांमागे सुरगाठ मारा. सुरगाठच, एका ओढीत सुटायला हवी.

*सावधान:* उलटी होत असेल, श्वास लागला असेल, उन्हाचा तडाखा बसला असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंड बांधायचं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला कधीच नाही. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, चारही पाय आत, तोंड बाहेर.

चावलंच तर? काळू घरचा आहे, लस घेतलेला आहे, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. गल्लीतल्या कुत्र्याला मदत करताना लाळ गळत असेल, वागणं विचित्र असेल तर तोंडाजवळ हात न्यायचाच नाही. अशा वेळी पुण्य लांबून करावं.

फीट आली तर कांदा हुंगवू नका, चप्पल तर मुळीच नको, आणि तोंडात चमचा घालू नका. कुत्रं जीभ गिळत नसतं. आजूबाजूची खुर्ची सरकवा, पंखा लावा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपुढे गेली किंवा लागोपाठ दुसरी आली की थेट दवाखाना. जमलं तर कुणीतरी मोबाईलवर चित्रण करा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत फीट थांबलेली असते, आणि आपण हातवारे करून दाखवत बसतो.

टप्पा ७: उन्हाळ्याची तयारी वेगळी

आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, पंजांना येतो तेवढाच. धापा टाकूनच त्याला अंग निववावं लागतं. आणि दुसरी आपली अडचण म्हणजे पाणी. नळाला रोज येत नाही. "नळाखाली धरा" हा सल्ला इथे कामाचा नाही, म्हणून मार्च ते जून एक भरलेली घागर किंवा वीस लिटरचा कॅन फक्त या कामासाठी बाजूला. भांडी घासायला नाही म्हणजे नाही.

उन्हाचा तडाखा ओळखायचा असा: धापा थांबत नाहीत, लाळ चिकट, हिरड्या लाल, चाल झोकांड्या खाणारी, उलटी. मग याच क्रमाने:

१. सावलीत, फरशीवर.
२. साधं पाणी ओता, पोटावर, काखेत, जांघेत, मग सगळ्या अंगावर. पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा.
३. पाणी समोर ठेवा. स्वतः प्यायलं तर ठीक, तोंडात ओतायचं नाही.
४. दर पाच मिनिटांनी ताप मोजा. १०३ वर आला की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग गार पडत जातं.
५. आता दवाखाना. उठून शेपूट हलवायला लागलं तरी. आतली इजा काही तासांनी उघड होते.

दोन चुका. पहिली, ओला टॉवेल अंगावर लपेटून ठेवणं. तो मिनिटाभरात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. दुसरी, आहे तसं उचलून रिक्षात घालणं. आधी गार करा, मग न्या. निदान वाटेत पाणी ओतत, वारा घालत न्या.

कूलरचं लक्षात ठेवा. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरतो आणि कुत्रं त्याच्याच पायाशी, ओल्या फरशीवर पसरलेलं असतं. ते ताठ पडलेलं दिसलं तर आधी मेन स्विच, मग कुत्रं. हात लावायची घाई केलीत तर दोघं पडाल.

मध्येच थांबा: पेटी उघडायची नाही अशा वेळा

मोठ्या कुत्र्याचं पोट फुगतंय, ओकाऱ्या काढतंय आणि बाहेर काहीच येत नाही: पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तास मोजायचे नसतात. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो आणि थेंब येत नाही: लघवी तुंबलीय, बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका.

साप चावला: चिरा नको, आवळून बांधणं नको, मंत्र तर नकोच. पट्टा सैल करा, चालवू नका, चादरीत उचलून न्या. निघताना डॉक्टरांना फोन करून सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) त्यांच्याकडे आहे का विचारा. नसेल तर कुठे आहे ते तेच सांगतील, तो वळसा वाचतो.

उंदराचं औषध खाल्लं: जनावर ठणठणीत दिसतं म्हणून लोक थांबतात. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो. काळी पूड असलेलं झिंक फॉस्फाइड मात्र काही तासांतच. त्यावर दूध, भाकरी, ताक काहीही घालू नका, पोटात गेलेल्या अन्नाने आम्ल वाढतं आणि विषारी वायू जास्त सुटतो. उलटी झाली तर खिडक्या उघडा, तो वायू तुम्हालाही बाधतो. विषाचं पाकीट बरोबर न्या, फाटकं असलं तरी.

मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण यांचं कुत्र्याला वावडं आहे, आणि आपली शेंगा चटणी लसणाशिवाय होत नाही. भाकरीचा तुकडा द्या, चटणी तुम्हीच खा.

टप्पा ८: भरणं आणि ठेवणं

डबा पारदर्शक, वरून उघडणारा, कप्प्याचा. हार्डवेअरच्या दुकानातला अवजारांचा डबा उत्तम. भरताना उलटं भरा: शेवटी लागणारं तळाला, पहिल्या मिनिटाला लागणारं वर. सगळ्यात वर हातमोजे, तोंड बांधायचा तुकडा, गॉज, कात्री, बॅटरी. कात्रीला दोरी बांधून दोरी डब्याच्या कडीला. हे वाचून हसाल, पण घरातली कात्री दर आठवड्याला कुणीतरी दुधाची पिशवी कापायला नेतं.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, स्लॅबखाली दुपारी भट्टी असते. गाडीच्या डिकीतही नाही. बऱ्याच औषधांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि चिकटपट्टीचा गोंद तर एका उन्हाळ्यात वितळून सगळ्याला लागतो. आमच्याकडे डबा देवघराच्या खालच्या कप्प्यात असतो, घरातली ती सगळ्यात थंड जागा. चादर आणि टॉवेल डब्याला बांधलेल्या पिशवीत.

टप्पा ९: रंगीत तालीम

पहिल्या रविवारी करा. घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा, "काळूच्या मागच्या उजव्या पायाला लागलंय." तुम्ही फक्त घड्याळ पाहा. डबा सापडून गॉजचा दाब बसेपर्यंत एका मिनिटाच्या वर वेळ गेला तर डब्याची जागा किंवा भरण्याचा क्रम चुकलाय. आमच्या पहिल्या तालमीत हिला गॉजचं पाकीट फाडताच येईना, हातमोजे आधी घातले होते म्हणून. तेव्हापासून दोन पाकिटांच्या कोपऱ्याला खाच देऊन ठेवलीय, सील न फोडता.

कुत्र्याचीही तालीम हवी. रोज संध्याकाळी पंजा हातात धरणं, ओठ उचलणं, कान पाहणं, तोंडाला फास नुसता घालून काढणं, आणि लगेच खाऊ. महिनाभरात सवय होते. मांजराला सवय होत नाही, टॉवेलची घडी मोठी ठेवा.

तपासणीच्या तारखा वर्षातून दोन. गुढीपाडव्याला उन्हाळ्याआधी: सलाईनच्या तारखा, पाण्याचा कॅन, थर्मामीटरचा सेल. दुसरी दिवाळीआधी, कारण दिवाळीपासून जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) शोभेच्या दारूकामापर्यंत घाबरून पळालेली, भाजलेली, गेटच्या सळ्यांत अडकलेली जनावरं जास्त येतात. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा मोबाईल नंबर तेव्हाच पाहा, तुमचा जुना नंबर त्यावर असण्याची शक्यता बरीच.

पेटीतून वापरलेली वस्तू त्याच रात्री कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी आणा. काळूचा पंजा बरा होऊन महिना झाला तरी आमच्या डब्यात गॉजची दोनच पाकिटं होती, आणि तेव्हाच शेजारच्या काकूंनी हाक मारली.